गावाचं शहर झालं, की केलं? पिंपरी-चिंचवडची गोष्ट पुन्हा वाचताना

आज आम्ही एका शहराबद्दल बोलणार आहोत. खरं म्हणजे त्या शहराबद्दल जी गोष्ट सांगितली जाते, तिच्याबद्दल. शहर आहे पिंपरी-चिंचवड, आणि गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. ११ ऑक्टोबरला महापालिकेच्या वर्धापनदिनी ती सांगतात, प्रचारसभांत सांगतात, फ्लॅट विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांतही ती असते. थोडक्यात ती अशी: पुण्याच्या वायव्येला काही खेडी होती. तिथं कारखाने आले, कारखान्यांमागे माणसं आली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली, आणि बघता बघता पुण्याच्या एका उपनगराचं स्वतंत्र, श्रीमंत शहर झालं.

आम्ही या शहरातलेच. म्हणजे कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगली, सातारा, मराठवाडा, खानदेशातून आलेल्या माणसांची पुढची पिढी. त्यामुळे आज जी टीका करणार आहोत ती लांबून केलेली नाही. आणि गोष्ट खोटी आहे असंही आमचं म्हणणं नाही. तारखा बरोबर आहेत. आमचं भांडण तिच्यातल्या एका क्रियापदाशी आहे. ते क्रियापद म्हणजे 'झालं'.

संध्याकाळ झाली, पोर मोठं झालं, तसं गावाचं शहर झालं. मराठीत 'झालं' म्हटलं की कुणी काही केलं आहे याची आठवण राहत नाही. 'केलं' म्हणून बघा, लगेच तीन प्रश्न उभे राहतात. कुणी केलं? कशाच्या जिवावर केलं? आणि कुणाला विचारून केलं? ही गोष्ट 'केलं' या क्रियापदानं पुन्हा वाचायची, एवढंच आजचं काम.

आधी 'उपनगर' हा शब्द बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. उपनगर म्हणजे नगराला जोडलेलं, नगरामुळे असलेलं. पण चिंचवड पुण्यामुळे नव्हतं. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे, त्या देवस्थानाचा स्वतःचा इतिहास आहे. चापेकर बंधू याच चिंचवडचे. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. माउलींची पालखी आळंदीहून दिघीवरून पुण्याकडे जाते. नगरपालिकेची हद्द आखली गेली त्याच्या कितीतरी आधीपासून या गावांना एकमेकांशी जोडणाऱ्या वाटा होत्या, जत्रा होत्या, सोयरिकी होत्या. पुण्याच्या बाजूनं पाहिलं तर ती 'उपनगरं'. भोसरीच्या बाजूनं पाहिलं तर भोसरी म्हणजे गाव.

म्हणजे 'उपनगराचं शहर झालं' या वाक्याचा पहिलाच शब्द पुण्याच्या गच्चीवरून उच्चारलेला आहे. गंमत अशी की आमच्या शहरानंही तो मान्य करून टाकला. आजही वाकडला किंवा पिंपळे सौदागरला राहणारा माणूस परगावी गेला की 'पुण्यात असतो' म्हणतो. निगडीच्या घराचा पत्ता लिहिताना शेवटी 'पुणे ४११०४४' येतंच. महापालिका वेगळी, गाडीच्या पाटीवर १२ ऐवजी १४, आणि पत्ता मात्र पुण्याचा.

आता पहिला प्रश्न. कुणी केलं?

सुरुवात होते १९५४ मध्ये. पिंपरीत केंद्र सरकारनं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना उभा केला. त्याआधी फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची पिंपरीत छावणी झाली होती, तिचीच पुढे वसाहत आणि बाजारपेठ झाली. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर १९६२ मध्ये एमआयडीसी अस्तित्वात आली, आणि भोसरी-चिंचवड पट्ट्यात तिनं जमीन घेतली. मग टेल्को, बजाज आणि त्यांच्याभोवती शेकडो लहान वर्कशॉप. १९७२ मध्ये राज्य सरकारनं पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन केलं. कामगारांना परवडणारी घरं द्यायची, असा त्याचा उद्देश होता. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतल्या शेतजमिनी संपादित झाल्या.

या यादीत निर्णय घेणारे कोण आहेत बघा: केंद्र सरकार, राज्य सरकार, औद्योगिक महामंडळ, प्राधिकरण. नगरपालिका यायच्या आधीच शहराच्या आराखड्याचा बराच भाग ठरला होता. अण्णासाहेब मगरांसारख्या स्थानिक नेतृत्वानं वेगळ्या नगरपालिकेसाठी खटपट केली, ते पहिले नगराध्यक्ष झाले, आणि त्यांचं श्रेय कमी करायचं आमच्या मनात नाही. पण शहराची जमीन कुणाची, तिचं काय करायचं, हे नगरपालिकेच्या सभागृहात ठरलं नाही.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं काय? प्राधिकरणासाठी १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यावी, ही मागणी या शहरात दोन पिढ्या ऐकू येत राहिली. निवडणूक आली की ती जाहीरनाम्यात यायची, निवडणूक झाली की पुन्हा फायलीत जायची. आणि ज्या कामगारांसाठी हे सगळं केलं, त्यांचं काय? प्राधिकरणाचे प्लॉट थोडे आणि माणसं लाखांनी. मग कामगारांनी शेतकऱ्याकडून अर्धा-एक गुंठा घेतला, स्टॅम्पपेपरवर व्यवहार केला आणि दोन खोल्या बांधल्या. ती घरं ठरली अनधिकृत. २००८ नंतरच्या अशा बांधकामांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर लागला, थकबाकी वाढत गेली, आणि २०२३ मध्ये सरकारनं तो माफ केला. सरकारनं आधी घर दिलं नाही, मग स्वतः बांधलं म्हणून दंड केला, मग दंड माफ करून आभाराचे फ्लेक्स लावून घेतले. 'शहर झालं' या वाक्यात हे कुठं दिसतं?

दुसरा प्रश्न. कशाच्या जिवावर केलं?

याचं उत्तर एका शब्दात देता येतं: जकात. ट्रक हद्दीत शिरला की नाक्यावर पैसे मोजायचे. एवढे कारखाने, एवढा कच्चा माल. रोज रात्रंदिवस ट्रकांच्या रांगा. त्या रांगांतून महापालिकेच्या तिजोरीत पैसा यायचा. 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' ही उपाधी आमच्या शहरानं वर्षानुवर्षं मिरवली, ती या नाक्यांच्या जोरावर. पुण्यापासून वेगळं राहायचं यामागचं गणितही इथंच होतं. वेगळं राहिलं तर जकात आपली, पुण्यात गेलं तर पुण्याची. स्वतंत्र शहराची सीमा मुळात वसुलीची सीमा होती, असं आम्ही म्हणू.

यात चूक काही नाही. पैशाशिवाय रस्ता होत नाही, आणि आमचे रस्ते पुण्यापेक्षा रुंद आहेत हे पुणेकरही मान्य करतात, आवाज जरा खाली करून. पण मग पुढचं ऐका. १ एप्रिल २०१३ ला जकात गेली, एलबीटी आली. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी एलबीटीही गेली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि तेव्हापासून त्या उत्पन्नाच्या बदल्यात राज्य सरकारकडून महिन्याला अनुदान येतं. म्हणजे ज्या पैशाच्या बळावर हे शहर वेगळं झालं, तो पैसा आता शहर स्वतः गोळा करत नाही, मुंबईहून येतो. नाके गेले. काही ठिकाणी नुसती शेड उरली.

म्हणून आम्ही विचारतो: वेगळं कर-उत्पन्न हे जर वेगळं शहर असण्याचं कारण होतं, तर ते गेल्यावर 'आपलं शहर' म्हणजे नेमकं काय उरलं?

बाकीचा हिशेब करून बघा. बस? आमची वेगळी बससेवा होती, पीसीएमटी. २००७ मध्ये ती पुण्याच्या पीएमटीत मिसळून पीएमपीएमएल झाली. मेट्रो? मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, ती पुणे मेट्रो. प्राधिकरण? कामगारांच्या घरांसाठी या शहराच्या नावानं जन्मलेली ती संस्था २०२१ मध्ये बरखास्त झाली. तिचा काही भाग महापालिकेकडे आला आणि बाकी सगळं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात गेलं. पोलीस आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं मिळालं, पण ते राज्याच्या गृहखात्याचं. आणि सभागृह? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी निवडणूक नव्हती. या सगळ्या काळात शहर प्रशासकाच्या हाती होतं. अंदाजपत्रक हजारो कोटींचं, आणि त्यावर हात वर करून 'माझा विरोध आहे' म्हणणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता. पुण्यातही तेच, मुंबईतही तेच, हे खरं. पण आपण आज स्वतंत्र शहराबद्दल बोलतोय. त्या शब्दातल्या 'स्व'बद्दल.

तिसरा प्रश्न. कुणाला विचारून केलं?

आपल्या राज्यघटनेत ७४ वी दुरुस्ती आहे, १९९३ पासून लागू. तिच्यातल्या २४३-क्यू या अनुच्छेदात सांगितलं आहे की एखादा भाग मोठं नागरी क्षेत्र आहे की लहान, हे राज्यपाल अधिसूचनेनं ठरवतील. पाहायचं काय, तर लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाचं उत्पन्न, शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण, आर्थिक महत्त्व वगैरे. वाचून बघा, निकष चांगले आहेत. पण तिथं राहणाऱ्या माणसांची इच्छा हा निकष त्यांत नाही. हरकती आणि सूचना मागवतात, सुनावणी होते. पण मतदान नाही.

१९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होळी, दिघी, रावेत, पुनावळे, किवळे अशी अठरा गावं महापालिकेत आली. त्यांची ग्रामपंचायत गेली, ग्रामसभा गेली. कर शहराचा आला आणि रस्ता-गटार मागाहून, कधी कधी खूपच मागाहून. उलट, हद्दीला लागून हिंजवडी बघा. देशभर नाव असलेलं आयटी पार्क, लाखो माणसं रोज ये-जा करतात, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. हिंजवडीला आत घ्या, नको, वेगळीच नगरपालिका करा, हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. चऱ्होळीची शेतं शहरात आणि हिंजवडीचे काचेचे मनोरे गावात! निकषांवर ठरत असतं तर असं झालं असतं का?

इथं कुणी म्हणेल, मग मतदान घ्या, प्रश्न मिटला. एक परदेशी उदाहरण देतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराला लागून सँडी स्प्रिंग्ज नावाचं सुखवस्तू उपनगर आहे. २००५ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान केलं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी स्वतःचं वेगळं शहर केलं. लोकशाहीच्या दृष्टीनं चोख. पण त्यांचा कर आतापर्यंत ज्या काउंटीत जात होता, तिथल्या गरीब वस्त्यांना या मतदानात भाग नव्हता. रेघेच्या आतल्यांनी मत दिलं. परिणाम रेघेच्या बाहेरच्यांवरही झाला. म्हणजे विचारणं आवश्यक आहे, पण 'कुणाला विचारायचं' हा प्रश्न त्याच्याहून अवघड आहे.

आणि हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाही. तो पवनेच्या पाण्याचा आहे.

पिंपरी-चिंचवडचं मुख्य पाणी मावळातल्या पवना धरणातून येतं. धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यातून उचलतात, निगडीला शुद्ध करतात. महापालिकेची योजना होती की धरणातूनच थेट बंद जलवाहिनीनं पाणी आणायचं. वाटेत गळती नाही, प्रदूषण नाही. शहराच्या बाजूनं पाहिलं तर शहाणपणाची गोष्ट. मावळातल्या शेतकऱ्याच्या बाजूनं पाहा. धरणात जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक दशकं रेंगाळलेला. आता जलवाहिनीसाठी पुन्हा जमीन. आणि नदीतून वाहणारं पाणी नळात गेलं तर काठच्या विहिरी आणि मोटारी कशावर चालायच्या?

९ ऑगस्ट २०११. क्रांतिदिन. बऊरजवळ शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण गेले, एक बाई आणि दोन पुरुष. काम थांबलं. ते 'जैसे थे'चे आदेश २०२३ मध्ये सरकारनं उठवले, आणि विरोधही पुन्हा सुरू झाला.

त्या दिवशी आमच्या घरांत काय बोलणं झालं, ते सांगितलं पाहिजे. वाईट वाटलं, सगळ्यांनाच. पण 'मग आपल्याला पाणी कुठून येणार?' हा प्रश्नही त्याच संध्याकाळी विचारला गेला, आणि विचारणारे आमच्यातलेच होते. आमचे आईवडील स्वतः शेतकऱ्यांची पोरं. गावाकडच्या धरणाचं पाणी कुणी नेलं याच्या कहाण्या सांगत आलेली माणसं. एका पिढीत आम्ही नळाच्या या टोकाला आलो होतो. हे कुणी आमच्यावर लादलं नव्हतं. शहरात राहायला आलं की हे सोबत येतंच.

नोव्हेंबर २०१९ पासून आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांकडे शहराचे डोळे लागलेले असतात, तिथंही शेतकरी आहेतच. आणि नदीला खालचं टोकही आहे. आम्हाला वरून स्वच्छ पाणी बंद नळातून हवं, पण शहरातून जाणाऱ्या पवनेवर फेस तरंगतो. ते पाणी मुळेत जातं, मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत. उजनीकाठच्या माणसाला आम्ही कधी काही विचारलं आहे?

वेगळं शहर केल्यानं ही गुंतागुंत सुटत नाही. हद्द आखता येते. नदीला हद्द नसते.

आता दुसरी बाजू, कारण नुसती उणी-दुणी काढणं हे टीकेचं काम नाही. हे शहर वेगळं केलं नसतं तर काय झालं असतं? आम्हाला वाटतं, बरंच वाईट झालं असतं. पुण्याच्या महापालिकेत भोसरी आणि चिखली शेवटच्या पानावर राहिली असती. १९७१ मध्ये लाखाच्याही आत असलेली वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वासतरा लाखांवर गेली. चाळीस वर्षांत सतरापटीहून जास्त! एवढी माणसं सामावून घेणं, त्यांना रस्ते, शाळा, उद्यानं देणं हे जवळचं सरकार होतं म्हणून जमलं. आणि एक गोष्ट आम्ही नेहमी सांगतो: संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. तिथल्या बाकड्यांवर नुसते शहरातले लोक नसतात. मावळातून, मुळशीतून, खेडमधून माणसं येतात. पाहुण्याच्या मोटारसायकलवर बसून येतात, सकाळी डबा घेऊन येतात. केसपेपर काढताना कुणी त्यांना 'तुम्ही हद्दीबाहेरचे' म्हणून परत पाठवत नाही.

आमच्या मते या शहराचं खरं मोठेपण तिथं आहे. वर्धापनदिनाच्या भाषणात ते सांगत नाहीत, कारण ते अंदाजपत्रकाच्या आकड्यात बसत नाही. मावळचं पाणी आम्ही घेतो आणि मावळचा पेशंट आम्ही बघतो, हे दोन्ही एकाच वाक्यात बोलायला शिकलो, तर कदाचित जलवाहिनीची बोलणीही वेगळ्या सुरात झाली असती.

हे आज का बोलायचं? कारण तेच वाक्य पुन्हा लिहिलं जातंय. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतली. उरुळीनं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला होता. त्यात शहराचा कर आला, सोयी आल्या नाहीत, लोक चिडले, आणि २०२४ मध्ये ती बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद केली. पिंपरी-चिंचवड वेगळं झालं ते हाती पैसा होता म्हणून. फुरसुंगी वेगळी झाली ती रागानं. जिल्ह्यात आणखी नव्या महापालिका कराव्यात, अशी चर्चा चालूच आहे. उद्या चाकणची होईल, हिंजवडीची होईल. वर्धापनदिनाची भाषणंही तयार असतील: 'बघता बघता गावाचं शहर झालं.'

तेव्हा तिथल्या लोकांना आमचं एवढंच सांगणं आहे. हरकती-सूचनांची मुदत असते तेव्हा 'आम्हाला महापालिका हवी की नको' एवढंच लिहून देऊ नका. पाणी कुठून येणार आणि त्या गावाशी बोलणी कोण करणार, हे विचारा. सांडपाणी कुणाच्या दारात जाणार? घर न मिळालेला कामगार कुठं राहणार? प्रशासक किती महिने राहील, त्याला मर्यादा काय? आणि पैसा नाक्यावरून येणार की मंत्रालयातून? ही उत्तरं अधिसूचना निघण्याआधी मागायची असतात. नंतर मागितली की त्याला आंदोलन म्हणतात.

आम्ही हे सगळं उशिरा शिकलो. आमच्या वेळी शहर 'झालं' होतं. तुमच्या वेळी ते निदान तुम्ही केलेलं असू दे.

इथं थांबतो. पाण्याबद्दल तुमच्यापैकी काही जणांचं मत आमच्याहून वेगळं असणार. प्रश्नोत्तरांत त्यावरच आधी बोलू.